एका गाडीला एकच कंडक्टर

या पृथ्वीतलावर नेमकं कुठे थांबायचं हे फक्त एकाच माणसाला कळतं आणि तो माणूस म्हणजे आपण स्वतः, असं माझ्या थोरल्या नणंदेचं ठाम मत आहे. हे मत त्यांनी तोंडाने कधी बोलून दाखवलेलं नाही. बोलून दाखवावं लागलं तर ते मत कसलं! पण त्यांच्या सहवासात एक दिवस काढलेल्या कुणालाही विचारा. चहा गाळताना कपाच्या काठाखाली बरोबर एका बोटावर थांबायचं. कुकर तिसऱ्या शिट्टीच्या निम्म्यात बंद करायचा, तिसरी पुरी होऊ द्यायची नाही. पाहुण्यांनी दुसऱ्यांदा 'चला, निघतो आता' म्हटलं की उठून त्यांच्या चपला सरळ करून ठेवायच्या, म्हणजे त्यांच्यावर तिसऱ्यांदा म्हणायची वेळ येत नाही. आणि त्यांच्या धाकट्या भावाने, म्हणजे माझ्या नवऱ्याने, जेवताना देशाच्या परिस्थितीवर बोलायला सुरुवात केली की चौथ्या वाक्याला टेबलावर तळहाताची एक थाप मारायची. एकच. नवरा तोंडातला शब्द तोंडातच ठेवून आमटी वाढून घेतो. आमच्या लग्नाला सत्तावीस वर्षं झाली, पण माझ्या सांगण्यावरून तो मधेच थांबल्याचं मला तरी आठवत नाही.

मी त्यांना वन्सं म्हणते. आजकाल कुणी म्हणत नाही, माहीत आहे मला. आमच्या शाळेतल्या तरुण शिक्षिका हा शब्द ऐकून एकमेकींकडे बघतात. बघू देत. सुरुवातीला मीही 'ताई' म्हणून पाहिलं होतं. "ताई नको," त्या म्हणाल्या. "दिवसभर तेच ऐकते. ताई, एक उरण द्या. ताई, झोप लागली तर उठवा. घरी आल्यावर तरी दुसरं काहीतरी म्हण." कारण वन्सं लाल गाडीवर कंडक्टर होत्या. त्यांचे यजमान त्याच डेपोत ड्रायव्हर. ते चाळिशीच्या आतच गेले आणि त्यांच्या जागी यांना घेतलं. पदरात मूल नाही, सासरी कुणी विचारणारं नाही. खाकी साडी नेसून, कमरेला चामड्याची पिशवी अडकवून वन्सं पनवेल-उरण गाडीवर चढल्या त्या वीस वर्षांनी निवृत्त होऊनच उतरल्या. मधेमधे चिरनेरची फेरी असायची. तिकडच्या बायका अजून मला रस्त्यात अडवून विचारतात, "तुमची ती कडक बाई कशी हाय?" नाव कुणालाच आठवत नाही. कडक बाई म्हटलं की पुरतं.

आणि कडक म्हणजे किती कडक! मोरा बंदरातली एक म्हातारी कोळीण होती, तिचं घर थांब्याच्या बरंच अलीकडे. ती रोज सुकटीची पाटी घेऊन चढायची आणि घर आलं की गयावया करायची, "अगो बाय, हितंच थांबव ना. थांबा नाय हितं, म्हाईत हाय मना. पन आता पाय नाय चालत." वन्संचं उत्तर ठरलेलं. "आजी, गाडी थांब्यावर थांबते." आता तुम्ही म्हणाल, काय दगडाचं काळीज! पण ऐका पुढे. थांबा आला की वन्सं घंटी मारत, खाली उतरत, म्हातारीची पाटी स्वतःच्या कमरेवर घेत आणि तिला हाताला धरून घरापर्यंत सोडून येत. तोवर चाळीस माणसांनी भरलेली गाडी घुर्रघुर्र करत उभी. लोक ओरडायचे, ड्रायव्हर कपाळाला हात लावायचा, खाकी साडीला सुकटीचा वास लागायचा. एकदा एका साहेबी माणसाने विचारलं, की बाई, यापेक्षा गाडीच दहा सेकंद अलीकडे थांबवली असती तर काय बिघडलं असतं? वन्सं त्याला म्हणाल्या, "उशीर झाला तर लोक शिव्या देतात आणि विसरतात. भलत्या जागी थांबलेली गाडी मागच्याच्या अंगावर येते." तो माणूस पुढे काही बोलला नाही, असं वन्सं सांगतात. मला वाटतं, तो बोलला असणार. पण त्यांनी तोवर थाप मारली असणार.

निवृत्त झाल्यावर भाड्याची खोली सोडून त्या आमच्याकडे राहायला आल्या. दोन लुगड्याच्या पेट्या, एक स्टीलचा डबा आणि ती चामड्याची पिशवी. आल्या दिवशी संध्याकाळी मी शाळेतून गाडी घेऊन आले तेव्हा त्या ओट्यावर बसल्या होत्या आणि मी आमच्या गॅरेजमध्ये गाडी रिव्हर्स घालण्याचा रोजचा तमाशा करत होते. या गॅरेजबद्दल सांगितलंच पाहिजे. सासऱ्यांनी नवीन पनवेलमध्ये रो-हाऊस घेतलं तेव्हा त्यांच्याकडे स्कूटर होती. पुढेमागे एखादी मोटार येईल म्हणून त्यांनी बाजूला गॅरेज बांधलं, पण त्यांच्या मनातली मोटार फारच अंगाने बारीक होती. शिवाय मागच्या भिंतीला लागून हातभर उंच सिमेंटचा कट्टा, आणि त्यावर पाण्याची मोटर बसवलेली. डावीकडे जिना उतरतो. उजवीकडे नवऱ्याने वजन कमी करण्यासाठी घेतलेली सायकल, जिच्यामुळे आजपर्यंत कुणाचंही वजन कमी झालेलं नाही. गाडी आत गेली की मागे चार बोटं आणि पुढे चार बोटं उरतात. चार बोटं आधी थांबलात तर लोखंडी दाराची कडी लागत नाही. चार बोटं उशिरा थांबलात तर मोटर फुटते आणि अख्ख्या घराला पाणी नाही. मधली जी काय जागा आहे ती दैवाने आणि सासऱ्यांनी आम्हाला दिलेली जागा.

त्यात आमची गल्ली. आपल्याकडे गाडी रिव्हर्समध्ये पडल्याचा आवाज आला की आजूबाजूच्या सगळ्या पुरुषांना आतून काहीतरी व्हायला लागतं. पेपर टाकून माणसं उठतात. ज्यांनी जन्मात स्टिअरिंगला हात लावलेला नाही तेही हात वर करून, बोटं हलवून, 'येऊ द्या, येऊ द्या, येऊ द्या' सुरू करतात. समोरच्या घरातले एक निवृत्त इंजिनिअर तर लुंगी सावरत रस्त्याच्या मधोमध उभे राहायचे. "मॅडम, फुल राइट काटा! आता सरळ करा! अहो, सरळ म्हणजे लेफ्ट!" दुसरा कोणीतरी म्हणायचा येऊ द्या, तिसरा म्हणायचा बास बास, आणि मी मधे घामाघूम. बाईमाणूस गाडी लावतेय म्हटल्यावर तर त्यांच्या उत्साहाला ऊतच यायचा. मी काही शेळपट नाही, वर्गात साठ पोरं गप्प बसवते; पण त्या 'येऊ द्या'पुढे माझा क्लच-ब्रेकचा हिशेब चुकायचा.

त्या संध्याकाळी वन्सं ओट्यावरून उठल्या. पदर खोचला. रस्त्यावर येऊन त्यांनी इंजिनिअरसाहेबांकडे, मग त्यांच्या लुंगीकडे, मग बाकीच्या तिघाचौघांकडे एकवार बघितलं आणि म्हणाल्या, "एका गाडीला एकच कंडक्टर असतो. बाकीच्यांनी आत जाऊन बसा." आणि काय सांगू, गेले हो सगळे! मग माझ्या खिडकीशी येऊन म्हणाल्या, "आरशात बघू नकोस. मान वळवू नकोस. माझ्याकडेही बघू नकोस. नुसतं ऐक. दोन थापा म्हणजे ये, एक थाप म्हणजे थांब." डेपोत गाडी मागे घेताना कंडक्टर खाली उतरून पत्र्यावर हात मारतो ना, तस्सं. त्या जिन्याखालच्या कोनाड्यात जाऊन उभ्या राहिल्या. थप-थप. मी आले. थप-थप. आणखी आले. थप. मी थांबले. उतरून बघते तर मागे चार बोटं, पुढे चार बोटं, कडी लागते आहे. मी म्हटलं, "वन्सं, तुम्हाला गाडी येते?" तर म्हणाल्या, "छे गं! ड्रायव्हरच्या जागेवर मी आजवर बसलेसुद्धा नाही. आणि ड्रायव्हरला मागचं कधी दिसतं का? ज्याला दिसतं त्याने सांगायचं असतं."

तेव्हापासून सहा वर्षं आमची गाडी वन्संच्या थापेवर लागली. संध्याकाळी साडेपाचला माझी गाडी गल्लीच्या तोंडाशी आली की त्या आधीच कोनाड्यात हजर. ताप असला तरी हजर. एकदा सत्यनारायणाच्या पूजेला बसल्या होत्या, भटजींना 'थांबा जरा' म्हणून उठून आल्या आणि थाप मारून परत जाऊन बसल्या. भटजी थांबले, हे वेगळं सांगायला नको. मी दमूनभागून उरणच्या शाळेतून यायची, दोन्ही बाजूंनी कंटेनरचे ट्रेलर अंगावर घेत, जीव मुठीत धरून. पण गॅरेजच्या दाराशी आले की निश्चिंत. डोळे मिटून मागे यायची मी. अक्षरशः मिटून. लोकांना हे सांगितलं की ते मला वेड्यात काढतात. काढोत.

मग दोन वर्षांपूर्वी नवऱ्याने नवी गाडी घेतली. तिला मागे कॅमेरा, चार डोळ्यांचा सेन्सर आणि पुढे टीव्हीएवढा पडदा. नवरा त्या पडद्यावरच्या हिरव्या-पिवळ्या-लाल रेघा आम्हाला दाखवताना असा काही फुलला होता की जणू त्या रेघा त्यानेच मारल्यात. "आक्का, आता तुला त्रास नाही हं! लाल लाइन आली की स्टॉप. सिंपल आहे." वन्संनी पडद्यात वाकून पाहिलं. "मला त्रास होतो असं कुणी सांगितलं तुला?" एवढंच म्हणाल्या. संध्याकाळी मी गाडी मागे घेतली तर दारातच सेन्सर टीं टीं करायला लागला. तुळशीला भिऊन टीं टीं, मांजर दिसली टीं टीं, आणि कोनाड्यातल्या वन्संना पाहून तर त्याने नुसता आकांत मांडला. तरी मागून शांतपणे थप-थप, ये. आता मी कुणाचं ऐकायचं? वन्सं येऊन खिडकीतून आत म्हणाल्या, "हा फार घाबरट आहे गं. दहा फुटांपासून बोंबलणारा कंडक्टर आमच्या डेपोत दोन दिवस टिकला नसता." मी बटण दाबून त्याचं तोंड बंद केलं. नवरा दोन दिवस माझ्याशी बोलला नाही. पावसाळा लागला आणि उरणच्या रस्त्याचा चिखल उडून कॅमेऱ्यावर बसला, तेव्हा पडद्यावर नुसता गाळ दिसायला लागला. महिनाभर वन्संची चाल बघण्यासारखी होती.

असं सगळं सुखात चाललं असताना गेल्या थंडीत एका गुरुवारी ते झालं. थप-थप, मी आले. थप-थप, आणखी आले. मग काहीच नाही. मी त्या तिसऱ्या थापेची वाट बघत येतच राहिले आणि एकदम कडाड् करून आवाज झाला. मागचा दिवा फुटला, बंपर आत गेला आणि मोटरचा पाइप निखळून गॅरेजभर पाणी. मी उतरले. वन्सं कोनाड्यात हात अर्धवट वर धरून उभ्या होत्या. पाण्यात पाय भिजत होते त्यांचे. "मी मारली होती थाप," त्या म्हणाल्या. "तुला ऐकू आली नाही." नवरा जिन्यावरून धावत येत होता. मी म्हटलं, "हो. रेडिओ लावला होता मी." रेडिओ बंद होता. हे त्यांनाही माहीत होतं आणि मलाही.

मग माझ्या लक्षात यायला लागलं. त्याच आठवड्यात चहा बशीत सांडला. जिना उतरताना त्यांचा डावा हात भिंतीवरून सरकत येत होता. डावीकडून कुणी हाक मारली की त्या सबंध अंगाने वळत. मी विचारलं तर म्हणाल्या, "मान आखडलीय." इकडे नवऱ्याने एक छान, शहाणा, सरळ उपाय काढला, आणि नवऱ्याच्या शहाण्या उपायांची मला नेहमीच भीती वाटते. गवंड्याला बोलवायचं, मागचा कट्टा तोडायचा, मोटर बाहेर नेऊन बसवायची. दीड फूट जागा वाढेल. मग कुणी मागे उभं राहायला नको, काही नको. "कुणीही गाडी लावू शकेल," तो जेवताना म्हणाला. त्याला त्यात काही वावगं दिसलं नाही. तो वाईट नाही हो, बहिणीवर जीव आहे त्याचा. पण मी वन्संकडे पाहिलं. देशाच्या परिस्थितीवर चौदा वाक्यं झाली तरी त्या रात्री थाप पडली नाही.

दुसऱ्या दिवसापासून साडेपाचला कोनाडा रिकामा. मी आले की आतून टीव्हीचा आवाज मोठा व्हायचा. मी गाडी बाहेर रस्त्यावर लावून आत जायची. वन्सं फार गोड वागायला लागल्या होत्या, आणि ते मला सहन होईना. "चहा टाकू का गं, तुला चालणार असेल तर?" स्वतःच्या भावाच्या घरात ही बाई मला दूध घेऊ का म्हणून विचारायला लागली! सहा वर्षांत असं एकदाही विचारलं नव्हतं त्यांनी. मग बुधवारी सहज म्हणाल्या, "पेणला मावसबहीण आहे माझी. ती केव्हाची बोलावतेय. रविवारी जाऊन राहते म्हणते तिकडे." मी विचारलं, किती दिवस? तर म्हणाल्या, "बघू. इथे आता काय काम आहे माझं?" त्यांच्या खोलीत डोकावले तर दोन्ही पेट्या पलंगावर उघड्या. चार दिवसांसाठी कुणी दोन पेट्या भरत नाही. मला इतका राग आला की रडूच यायला लागलं. कुणाचा राग ते नीट कळेना. नवऱ्याचा, गवंड्याचा, त्या कट्ट्याचा, आणि सगळ्यात जास्त वन्संचा. न भांडता-तंडता निघालेली कडक बाई मला बघवेना.

शनिवारी शाळा सकाळची. दुपारी एकच्या उन्हात मी गल्लीत शिरले, गाडी आडवी घालून गॅरेजकडे पाठ केली, रिव्हर्स टाकला आणि ब्रेकवर पाय ठेवून तशीच बसून राहिले. दोन हॉर्न दिले. घरातून टीव्हीचा आवाज वाढला. आणखी दोन हॉर्न दिले. मागे भाजीची हातगाडी अडली, तिच्यामागे पाण्याचा टँकर अडला. इंजिनिअरसाहेबांना बाहेर पडायचं होतं, त्यांचीही गाडी अडली. सहा वर्षांची दबलेली हौस एकदम उसळून आली आणि गल्ली जागी झाली. "येऊ द्या मॅडम, येऊ द्या! भरपूर जागा आहे!" मी काच खाली करून सांगितलं, "मला माझा कंडक्टर लागतो." इंजिनिअरसाहेब म्हणाले, "अहो, पण कॅमेरा आहे ना गाडीला?" मी म्हटलं, "आहे ना. त्याला टिकली लावली आहे." आणि खरंच लावली होती. शाळेच्या दारात, माझ्या कपाळाची काढून, चांगली मोठी मरून टिकली. साहेब मागे जाऊन बघून आले आणि रस्त्याच्या कडेला जाऊन उभे राहिले. नवरा गॅलरीतून ओरडला, "अगं, काय तमाशा लावलायस? लोक बघतायत!" म्हटलं, "बघू देत! आक्कांना खाली पाठव, नाहीतर टँकरवाल्याला जेवायला आत बोलाव, मी हलत नाही!"

शेवटी टीव्ही बंद झाला. वन्सं बाहेर आल्या, पदर न खोचता. माझ्या खिडकीशी आल्या आणि हळू आवाजात म्हणाल्या, "उगाच हट्ट करू नकोस. लाव गाडी." मी म्हटलं, "तुम्ही थाप मारा, लावते." त्या गल्लीकडे पाठ करून, मला एकटीला ऐकू जाईल असं म्हणाल्या, "मी त्या दिवशी थाप मारली नव्हती. मला बंपर दिसलाच नाही. काचबिंदू आहे. डाव्या डोळ्याने त्या बाजूचं काही दिसत नाही आता. डॉक्टर म्हणाले, गेलं ते परत येत नाही, उरलंय ते थेंब घालून सांभाळा." मी विचारलं, कधीपासून? "झालं वर्ष." माझं डोकंच फिरलं. "वर्ष? आणि आम्हाला सांगायचं नाही? एकट्या जात होतात डॉक्टरकडे? मी कोण आहे तुमची?" वन्संनी माझ्याकडे पाहिलं. "सांगितलं असतं तर मागे उभं राहू दिलं असतंस?"

नसतंच दिलं. मागे टँकरवाला हॉर्न मारत होता. मी विचारलं, "उजव्याने दिसतं?"

"सुईत दोरा ओवते अजून."

"मग उजव्या बाजूला उभ्या राहा."

"तिकडे जागा कुठाय? तुझ्या नवऱ्याची सायकल आहे."

"तुमच्या भावाची आहे. तिचं मी बघते." मी उतरले, भर गल्लीत, शाळेच्या साडीवर ती सायकल उचलली आणि रस्त्यावर आणून इंजिनिअरसाहेबांच्या हातात दिली. ती आता त्यांच्याकडेच असते. तेही तिच्यावर बसत नाहीत. परत येऊन बसेपर्यंत वन्सं गॅरेजच्या उजव्या कोपऱ्यात पोचल्या होत्या. पदर खोचलेला. थोडा वेळ काहीच आवाज आला नाही. मग थप-थप. मी खरं सांगते, त्या दिवशी मला भीती वाटली. पण मी आरशात पाहिलं नाही आणि मानही वळवली नाही. डोळे मिटले आणि मागे आले. थप-थप. आले. थप. थांबले.

मागे दहा बोटं राहिली होती. पुढच्या बाजूला दोन बोटं गाडी दाराबाहेर. कडी काही लागेना. वन्संनी वाकून मागची फट बघितली, पुढची बघितली, आणि म्हणाल्या, "दोन बोटं आधी झाली." मी म्हटलं, "होऊ देत. सवय नाही अजून या बाजूची." रविवारी पेणला कुणी गेलं नाही. सोमवारी गवंडी आला, त्याच्याकडून मी स्वयंपाकघरातली गळकी मोरी दुरुस्त करून घेतली आणि चहा पाजून परत पाठवला. नवऱ्याला मी वन्संच्या डोळ्याचं सांगितलं तेव्हा त्याने थेंबांची बाटली आपल्याकडे घेतली. आता थेंब तोच घालतो, सकाळ-संध्याकाळ. आणि थेंब घालताना देशाच्या परिस्थितीवर बोलतो, कारण तेव्हा वन्संना हात हलवता येत नाही.

यालाही आता अकरा महिने झाले. सवय झाली पाहिजे होती त्या बाजूची. पण थाप हल्ली जरा लवकरच पडते. दिवाळीत तीन बोटं गाडी बाहेर होती, मग चार. परवा मोजलं तर सहा. वन्सं विचारतात, "बरोबर लागली ना गं?" मी म्हणते, "एकदम बरोबर." त्या मान हलवतात आणि हात धुवायला जातात. कडीचा काही उपयोग नाही म्हणून काल बाजारात हार्डवेअरच्या दुकानात साखळी आणायला गेले, दाराच्या दोन फळ्या ओढून कुलूप लावण्यापुरती. दुकानदाराने विचारलं, फट किती आहे? मी हाताने दाखवली. तो म्हणाला, मग दोन फूट पुष्कळ झाली. मी म्हटलं, पाच फूट द्या. तो साखळी मोजता मोजता थांबला. "बाई, एवढी कशाला? उरेल ती."

म्हटलं, लागेल हळूहळू.